निळा धागा

"मी नाही टाकलं, मी नाही टाकलं! मग चेंबर काय आपल्या हौसेनं तुंबतं?"

मास्तरीणबाई पुटपुटत होत्या, पण कमरेएवढ्या भिंतीअलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या मिस्त्रीणबाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता. पलीकडच्या परसात ड्रेनेजवाला चेंबरचं झाकण काढून आत वाकला होता आणि मास्तरीणबाईंची सून नाकाला पदर लावून उभी होती. वर्षात हे तिसऱ्यांदा. पाण्याच्या बिलात सफाईचा आकारही तिसऱ्यांदा. सून घरात आली त्यालाही वर्षच झालेलं, त्यामुळे सासूबाईंचा हिशेब चटकन जुळला होता.

मिस्त्रीणबाईंनी शाळेचे गणवेश शिवायला घेतले, त्यालाही वर्षच झालं होतं. पण हा हिशेब भिंतीच्या अलीकडेच राहिला होता.

ड्रेनेजवाल्यानं सळईनं एक काळा गोळा ओढून फरशीवर टाकला. केस, मेणचट मळ आणि त्यात गुंतलेला निळाशार धागा. मिस्त्रीणबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. रोज संध्याकाळी शिवणाची खोली धुऊन काढायची आणि पाणी मोरीत लोटायचं, हे त्यांचंच काम.

"आई, आत चल," त्यांचा मुलगा दारातून हळूच म्हणाला. सकाळपासून त्यानं घरातले सगळे नळ बंद करून ठेवले होते. अंघोळी नाहीत, भांडी तशीच. नात दाराशी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचत होती.

"आजी, मला लागलीय!"

"थोडं थांब, राणी."

"कधीपासून थांबलेय!"

घर बांधताना स्लॅबपाशीच पैसे संपले. नवऱ्यानं, म्हणजे सगळी गल्ली ज्यांना मिस्त्री म्हणायची त्यांनी, संडासाचा आणि मोरीचा पाइप गुपचूप शेजारच्या लाइनीत जोडून दिला. सेप्टिक टाकी पुढच्या वर्षी बांधू, म्हणाले. ती टाकी नकाशावरच राहिली आणि मिस्त्री गेले. त्यामुळे मिस्त्रींच्या घरच्या पाणीबिलावर मलनिस्सारण आकार शून्य. बावीस वर्षं शून्य. तो कागद घरात कोणी मोठ्यानं वाचत नसे.

"तुमची लाइन साफ आहे," ड्रेनेजवाला हात पुसत म्हणाला. "वरच्या अंगानं कोणीतरी टाकतंय. शेजारचं पाणी येतं का इकडे?"

"छे! त्यांची स्वतःची टाकी आहे. मिस्त्रीभावजींनी आपल्या हातानं बांधलीय. असा सरळ माणूस पुन्हा व्हायचा नाही." मास्तरीणबाई सुनेकडे वळल्या. "आणि तू गं? हा निळा दोरा काय आभाळातून पडला?"

"आई, शपथ घेते, माझ्याकडे सुई पण नाही."

"शपथा पुरे झाल्या. तुझ्या वडिलांना फोन लाव. म्हणावं, येऊन घेऊन जा चार महिने. तोवर बघते, चेंबर तुंबतं की नाही."

सुनेनं खरंच फोन काढला. दोनदा नंबर चुकला, तिसऱ्यांदा लावला. फरशी ओली, पदर ओला, डोळे ओले, आणि सगळं एका धाग्यापायी.

मुलानं मिस्त्रीणबाईंचा दंड धरला. "बाबांचं नाव जाईल. मागचं सगळं भरावं लागेल, आई. गप्प बस."

"आजी, आता नाहीच थांबवत!"

पलीकडे फोनची रिंग वाजू लागली. मिस्त्रीणबाईंनी दंड सोडवून घेतला.

"जा गं राणी, जा तू. खुशाल पाणी ओत," त्या म्हणाल्या आणि भिंतीवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. "मास्तरीणबाई, फोन ठेवायला सांगा पोरीला. तो धागा माझा. आमच्याकडे टाकी कधी नव्हतीच."