वरणाचं वरचं पाणी

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी पळी. बडोद्यात, सुभानपुऱ्याच्या एका घरात आमटी-वरण वाढण्यात माझं आयुष्य गेलं. दांडा वाकलाय, कल्हई उडालीय आणि स्वभाव फटकळ आहे. तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मांडवीच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं. नव्या नवरीच्या उत्साहाने अहल्याबाईंनी मला विकत घेतलं. "माझ्या पळीसारखी पळी शोधून सापडायची नाही!" असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि मी फुशारून जायचे. पुढे त्यांचा मुलगा विश्वंभर कोयलीच्या रिफायनरीत लागला, पद्मा सून म्हणून आली, हेरंब जन्मला. स्टीलची भांडी आली, तरी वरणाला मीच लागायचे.

हेरंब वर्षाचा होत आला आणि त्याला जुलाब लागले. ते थांबले, पण पोर काही सावरेना. आजीने त्याचा भात बंद केला, खिचडी बंद केली. जेवायच्या वेळी त्या मला निवलेल्या वरणावर अलगद टेकवत. डाळ खाली बसलेली असायची. वरचं पिवळसर पाणी तेवढं मी उचलायचं आणि हेरंबच्या वाटीत ओतायचं.

"सगळं सत्त्व पाण्यात उतरतं," त्या पद्माला सांगत. "पोटाला हलकं आणि अंगाला लागणारं."

अहो, कसलं डोंबलाचं सत्त्व! खाली काय असतं ते मला विचारा ना! मोठ्यांच्या पानात घट्ट वरण पडायचं आणि पोराच्या वाटीत पाणी. पण माझं ऐकतो कोण?

हेरंबचे दंड काडीसारखे झाले. केस पिंगट दिसू लागले. सगळ्यात वाईट म्हणजे तो रडेनासाच झाला. अहल्याबाई शेजारच्या हंसाबेनना कौतुकाने म्हणायच्या, "किती शहाणा झालाय बघा, हूं की चूं नाही!" ते ऐकून माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

डॉक्टरांनी पद्माला बजावलं होतं, आता पुन्हा जुलाब झाले तर मूल हाती लागणार नाही. त्या धास्तीने आजीने ते पाणीही आणखी पातळ केलं. शेवटी पद्माने हंसाबेनकरवी नणंदेला निरोप धाडला.

निरुपमा म्हणजे अहल्याबाईंची थोरली लेक. ती कॉलेजात आहारशास्त्र शिकवायची. आली ती थेट स्वयंपाकघरात. भाच्याला पाहून तिचा चेहरा उतरला.

"वन्सं, तुम्हीच सांगा आता आईंना," पद्मा पुटपुटली.

निरुपमाने वाटी उचलली. "आई, या वाटीचा तळ दिसतोय मला! अंग वाढवणारी प्रथिनं डाळीत असतात, ती पातेल्यातच राहिली. ताकद देणारा भात तू बंद केलास. तूप नाही, भाजी नाही. अगं, पोर उपाशी आहे!"

"मला शिकवू नकोस!" अहल्याबाई कडाडल्या. "तुझ्या पाठच्या बापूला घट्ट वरणभात भरवला होता मी. त्याच रात्री जुलाब लागले आणि गेला माझा बापू. या हातांनी घालवला मी त्याला!"

पद्माने मला उचललं, तोच सासूने तिचं मनगट धरलं. दोघींच्या मध्ये मी तशीच अधांतरी.

"आई," निरुपमा हळू आवाजात म्हणाली, "बापू भाताने नाही गं गेला. जुलाब घाणेरड्या पाण्यानेही होतात. आपण थोडं थोडं देऊ, दिवसातून पाच-सहा वेळा. त्याच्या आईचं दूधही चालू ठेवू. मी इथेच राहते."

मग अहल्याबाईंनीच मला आपल्या हातात घेतलं. नेहमीच्या सवयीने त्यांनी मला आधी वरच्या पाण्यावरच टेकवलं. पण मग थेट तळापर्यंत नेलं. मऊ भात, घोटलेली डाळ, कुस्करलेला भोपळा, वर तूप. हेरंबने चार घास खाल्ले आणि मान फिरवली.

ते दिवस मी विसरणार नाही. प्रत्येक लंगोट बदलताना अहल्याबाईंचा जीव टांगणीला लागायचा. विश्वंभर कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "पोट ठीक आहे ना?" पद्माला तर घास गिळवत नव्हता.

आणि एका सकाळी वरण शिजत असतानाच पाळण्यातून हेरंबने भोकाड पसरलं. पद्मा घाबरून धावली. "आई, काय झालं हो त्याला?"

"काही नाही गं!" अहल्याबाई मला घट्ट धरून हसत होत्या, रडत होत्या. "भूक लागलीय त्याला! भूक लागलीय माझ्या सोन्याला!"

आता मी माळ्यावर पडून असते. कुणी घासत नाही, पुसत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरातल्या लहानग्याला वाढताना वरण ढवळून वाढा. भात, डाळ, भाजी, तूप, सगळं त्याच्या वाटीत पडू द्या. तहान लागली की पाणी वेगळं पाजता येतं.