आडवं अंडं

धाकटी साठीला टेकली होती, तरी गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणत. त्याला कारण तिची मोठी बहीण. मोठीने चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली होती. आसपासच्या निम्म्या घरांतली पोरं पहिल्यांदा तिच्याच हातांत रडली होती, म्हणून ती सगळ्यांची सिस्टर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कुणाचं पोट दुखलं, कुणाचं बाळ दूध पिईना, की लोक आधी तिच्या दाराशी येत. ती दोन बोटांनी पोट चाचपायची, डोळे मिटायची आणि काय झालंय ते सांगून मोकळी व्हायची. तिचं बोलणं खोडायची कुणाची टाप नव्हती.

पुढच्या खोलीत धाकटी पुस्तकं बांधायची. फाटकी, सुटलेली पुस्तकं लोक आणून देत, ती मेण लावलेल्या दोऱ्याने पानं शिवून पुठ्ठा चढवून देई. मागच्या अंगणात जाळीच्या खुराड्यात तिच्या पाच कोंबड्या होत्या. त्यांतली एक तपकिरी, अंगाने भरलेली. तिला धाकटी मुकादमीण म्हणायची, कारण बाकीच्या चौघींना रांगेत लावल्याशिवाय तिला दाणा गोड लागत नसे. एकही दिवस खाडा न करता ती अंडं द्यायची आणि मग दुपारभर धाकटीच्या पाटाशेजारी पाय दुमडून बसायची. धाकटी तिच्याशी बोलायची. बहिणीशी बोलत नसे इतकं बोलायची.

मंगळवारी सकाळी धाकटीने खोली झाडली आणि दोऱ्याचे तुकडेताकडे सुपलीत भरून अंगणात ठेवले. केराच्या डब्याचं झाकण काढेपर्यंत मुकादमिणीने डाव साधला होता. चोचीतून दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. धाकटीने ते धरून ओढलं, तर ते तुटून हातात आलं आणि बाकीचं आत गेलं. जाईल पोटातून, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

बुधवारी मुकादमीण खुराड्यातून बाहेर आली नाही. शेपूट खाली पाडून, पिसं फुगवून कोपऱ्यात उभी होती. मधूनच मान लांब करायची, जसं काही घशात अडकलंय. धाकटीने तिला मांडीवर घेतलं आणि गळ्याखाली हात लावला. रात्रभर उपाशी राहिलेल्या कोंबडीची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी, सपाट लागायला हवी. हिची लिंबासारखी टणक लागत होती. चोच उघडून वास घेतला, आंबूस. काय झालंय ते धाकटीला तिथंच कळलं. गल्लीच्या तोंडाशी जनावरांचा डॉक्टर राहत होता. तिने कोंबडी टोपलीत ठेवली आणि चपला घातल्या.

तेवढ्यात सिस्टर मागच्या दारात आली.

"कुठं निघालीस?"

"हिला बरं नाही."

"बघू." सिस्टरने कोंबडी उलटी धरली, बोट मागून आत घातलं आणि डोळे मिटले. "अंडं अडकलंय. आडवं बसलंय. डॉक्टर कशाला हवाय त्याला? मी काय मेलेय?"

कुंपणापलीकडे शिंपीण कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "सिस्टरच्या बोटांना डोळे आहेत गं धाकटे. उगीच कुठं नेतेस?"

आता धाकटीला एक गोष्ट ठाऊक होती, जी शिंपिणीला ठाऊक नव्हती. मधुमेहाने सिस्टरच्या बोटांतली जाण गेली होती. मागच्या महिन्यात पाटावरची सुई तिच्या बोटात निम्मी घुसली, रक्त पदरावर उतरलं, तरी ती आपली बोलतच राहिली होती. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि धाकटीनेही विचारलं नव्हतं.

दोऱ्याचं सांगायला धाकटीने तोंड उघडलं. आणि मग मिटलं.

एकतीस वर्षांपूर्वी धाकटीला मुलगा झाला होता. नवव्या दिवशी त्याचं पोट फुगलं आणि तो हिरवं ओकला. सासू म्हणत होती, दवाखान्यात नेऊ. सिस्टर तेव्हा बहिणीकडे राहायला आली होती. तिने दोन बोटांनी पोट चाचपलं, डोळे मिटले आणि म्हणाली, गॅस धरलाय, शेक द्या. दिवसभर शेक दिला. दिवे लागायच्या आत मूल गेलं. आतड्याला पीळ पडला होता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांत नवऱ्याने दुसरं घर मांडलं आणि धाकटी बहिणीच्या दारात आली, कारण दुसरं दार नव्हतं. एवढ्या वर्षांत सिस्टर एकदाही म्हणाली नव्हती, की माझं चुकलं. चारचौघांत विषय निघालाच तर म्हणायची, "तेवढंच आयुष्य होतं त्याचं."

धाकटीने चपला काढल्या.

"असेल," ती म्हणाली. "अंडंच असेल."

सिस्टरने कोमट पाण्याची परात मागितली, धाकटीने आणून दिली. तेल मागितलं, तेल दिलं. कोंबडीला पाण्यात बसवून सिस्टर तिचं पोट अंगठ्यांनी मागे दाबू लागली. मुकादमीण आधी ओरडली, मग नुसती चोच उघडी टाकून धापा टाकू लागली. तिचा डोळा धाकटीकडे होता.

"पंख नीट धर," सिस्टर म्हणाली. "सरकतंय. लागतंय मला."

धाकटीने पंख नीट धरले. हातांखाली कोंबडीचं काळीज फडफडत होतं. अजून वेळ आहे, असं तिला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा ती गप्प बसली. शिंपीण कपडे टाकून कुंपणाशी बघत उभी होती. तिने बघायलाच हवं होतं. तिने पाहिलं नसतं तर उपयोग काय?

तिसऱ्यांदा जोर दिल्यावर मुकादमीण ताठ झाली, पाय ताणले आणि मान पाण्यात पडली.

"आत फुटलं," सिस्टर हात पुसत म्हणाली. "उशीर केलास तू सांगायला."

दुपारी जनावरांचा डॉक्टर त्याचं बांधायला टाकलेलं पुस्तक न्यायला आला. मेलेली कोंबडी परातीशेजारी तशीच होती. काय झालं म्हणून त्याने विचारलं, तर सिस्टरनेच शिंपिणीला हाक मारून बोलावलं. "उघडा डॉक्टर. हिलाही बघू द्या. आडवं अंडं आहे."

डॉक्टरने पाटावर वर्तमानपत्र पसरलं आणि धाकटीचीच पुठ्ठा कापायची सुरी घेतली. पोट उघडलं तर आत काळपट रक्त साचलेलं. त्याने ते टिपून काढलं. लहानमोठे पिवळे बलक घोसासारखे एकाला एक लागून होते, उद्याचा, परवाचा, तेरवाचा. कवच धरलेलं अंडं कुठंच नव्हतं.

"अंडं नाही, सिस्टर."

"नीट बघा."

"नीटच बघतोय." त्याने गळ्याखालची पिशवी कापली आणि चिमट्याने दोऱ्याचा कुजट गोळा बाहेर काढला. "हे अडकलं होतं. सकाळी आणली असती तर पिशवीला चीर देऊन काढलं असतं. चार टाके घातले की झालं. आठवड्यात अंड्यावर आली असती." मग त्याने यकृत उचललं. ते मधोमध फाटलं होतं. "पण जीव दोऱ्याने गेला नाही. कुणीतरी फार जोरात दाबलंय."

शिंपीण सिस्टरच्या बोटांकडे बघत होती.

सिस्टरने वाकून गोळा पाहिला. "दोरा तुझा आहे," ती म्हणाली.

"माझाच. काल गिळताना मी पाहिलं होतं."

डॉक्टरने सुरी खाली ठेवली. पुस्तक काखेत मारून तो निघाला, शिंपीणही त्याच्यामागे गेली. दोघांनाही तिथं थांबणं नको झालं होतं.

दोघी उरल्या. सिस्टर खुर्चीत बसली. बराच वेळ तिने हात मांडीवर उताणे ठेवले होते.

"मला तोंडावर पाडायला कोंबडी मारलीस," ती म्हणाली.

"मी नाही मारली. मी पंख धरले."

"मला काही लागत नाही बोटांना. दोन वर्षं झाली."

"माहीत आहे."

धाकटीला वाटलं, आता पुढचं येईल. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते एक वाक्य. आणि सिस्टर बोलली, पण वेगळंच.

"तेव्हा मात्र बोटं चांगली होती माझी. तुझ्या पोराचं पोट मला दगडासारखं लागलं होतं. गॅस म्हणून बोलून बसले होते तुझ्या सासूसमोर. दुपारी पुन्हा हात लावला तेव्हा कळलं, हा गॅस नाही. पण घरभर माणसं होती, शब्द फिरवायचा कसा? म्हटलं, उतरेल."

धाकटी उठली. वर्तमानपत्राची चारी टोकं धरून तिने कोंबडी गुंडाळली, अंगणात खड्डा केला, तिला पुरलं आणि पाय आपटून माती दाबली. मग हात धुऊन पाटावर बसली आणि राहिलेलं पुस्तक शिवायला घेतलं. दोरा सुईत जायला चार वेळा चुकला.

शुक्रवारी मागच्या गल्लीतली सून रडतं तान्हं घेऊन आली. सिस्टरने सवयीने हात पुढे केले. धाकटी पाटावरून म्हणाली, "तिच्याकडे देऊ नकोस. तिच्या बोटांना काही कळत नाही. दवाखान्यात ने."

सून घाबरून सिस्टरकडे बघत राहिली, की आता ही कडाडेल. सिस्टरने हात मागे घेतले.

"ने," ती म्हणाली.

बाळाचा नुसता कान दुखत होता. पण गोष्ट गल्लीभर झाली. त्यानंतर दाराशी कुणी थांबेना. सिस्टर मात्र रोज वेणी घालून, स्वच्छ लुगडं नेसून दारात खुर्ची टाकून बसायची. पावलं यायची आणि पुढे निघून जायची. आत धाकटी ती ऐकत शिवत असायची.

महिन्याभराने एका दुपारी सिस्टरने मान न वळवता विचारलं, "ते यकृत. किती फाटलं होतं गं? मला नीट दिसलं नव्हतं."

धाकटी सुई खोचून उठली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि अंगठा नि तर्जनी ताणून दाखवलं. "एवढं."

होतं त्याच्या दुप्पट दाखवलं तिने.