स्पासकाकांच्या निळ्या टाइल्स

"हात लावायचा नाही म्हणजे नाही," स्पासकाका दार अडवून म्हणाले. "हौस तुझी आणि भिंत माझी फोडायची?"

मिल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बल्गेरियातल्या प्लेव्हेन शहरातली ही आठमजली इमारत जुन्या कम्युनिस्ट सरकारने बांधलेली. आता घर ज्याचं त्याचं, पण पाण्याचा उभा पाइप सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिने भाड्याने द्यायला विकत घेतला होता, आपलं राहतं घर बँकेकडे तारण ठेवून. एक तारखेला भाडं सुरू झालं नाही तर हप्ता चुकणार आणि राहतं घर हातचं जाणार. बाथरूम नवी करताना प्लंबरने पाइपला पाना लावला आणि गंजका तुकडा त्याच्या हातातच आला. खाली दुसऱ्या मजल्यावर, काकांच्या बाथरूमच्या भिंतीतही तो तसाच कुजलेला. ती भिंत फोडल्याशिवाय नवा जोडता येईना, आणि तोवर काकांच्या वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी बंद.

"नव्या टाइल्स मी बसवून देते, काका. तुम्ही म्हणाल त्या."

"या निळ्या तुझ्या काकूने निवडल्यात."

"काकू असत्या तर त्यांनीच हातोडा आणून दिला असता."

काकांनी दार तिच्या तोंडावर आपटलं.

वरच्या मजल्यांवरची माणसं काकांवर चिडतील असं तिला वाटलं होतं. कसलं काय! चौथ्या मजल्यावरच्या लिल्यानाने तिलाच जिन्यात गाठलं. "इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. तू इथे राहत नाहीस, भाडं खायला तेवढी येतेस." काकांना मात्र कुणी चकार शब्द बोललं नाही. त्यांच्याच नळावर सगळे बादल्या भरत होते, वर रकियाचा, घरी गाळलेल्या फळांच्या दारूचा, घोटही मिळत होता. वकील म्हणाला, निकाल तुमच्याच बाजूने लागेल, पण दोनेक वर्षं धरा.

एक तारखेला भाडेकरू आल्या, व्रात्साहून बदली झालेल्या दोन नर्स. मिल्काने त्यांना गाडीत घातलं, थेट स्वतःच्या घरी नेलं आणि किल्ल्या दिल्या. मग गादी आणि दोन बादल्या घेऊन ती परत आली, बूट न काढता काकांच्या बाथरूममध्ये शिरली.

"बूट काढ आधी," काका म्हणाले.

"नाही काढत. आजपासून मी वर राहायला आलेय. माझ्या पलंगावर दुसऱ्या झोपणार. पाणी इथूनच नेईन, पहाटे आणि मध्यरात्रीसुद्धा."

तिने नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहू लागली, तिच्या बुटांचा चिखल फरशीभर पसरला. काकांनी वाकून नळ बंद केला.

"उद्या बोलाव तुझ्या प्लंबरला."

"आज का नाही?"

"आजची रात्र राहू देत त्या टाइल्स भिंतीवर."

मिल्काला त्यांची जराही दया आली नाही.

"काल म्हणाला असतात, तर आज मी माझ्या घरी असते," ती म्हणाली आणि बादल्या उचलल्या. राहत्या घरासाठी त्या नर्सेसशी केलेला करार वर्षभराचा होता.