चौथ्या नळाची बिअर

नारिंगी एवढी का चालते, हे केयूर गुप्तेला कोणीही विचारावं, तो पाच मिनिटांत सांगायचा आणि सांगताना त्याचं तोंड उतरायचं. दिसायला ती सरबतासारखी. गढूळ, पिवळी, वर पांढरा फेस, ग्लासच्या काठाला संत्र्याची फोड. आत गहू, संत्र्याची साल आणि थोडे धणे. कडूपणा नावापुरता. ज्यानं जन्मात बिअर घेतली नाही तोही दोन घोटांत म्हणतो, अरे, ही तर बिअर वाटतच नाही. बिअर बनवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही आणि याहून मोठी शिवीही नाही. शिवाय अंधेरीच्या त्या पबमध्ये एकटं कोणी येत नसे. ऑफिस सुटलं की सात-आठ जणांचं टोळकं यायचं. त्यातल्या एकाला बिअरमधलं कळायचं, बाकीच्यांना काही फरक पडायचा नाही आणि एक जण घाबरलेला असायचा. ऑर्डर ठरायची ती त्या घाबरलेल्याकडे बघून. त्याला झेपेल ते सगळे मागवायचे आणि शेजारच्या टेबलावरचे ते बघून तेच मागवायचे. नारिंगी अशी पसरली. आणि ती बनवली होती केयूरनंच.

बनवली होती ती फक्त उंबरठा म्हणून. केयूर मुलुंडचा. मायक्रोबायोलॉजी शिकलेला, औषध कंपनीतली बरी नोकरी सोडून या धंद्यात पडलेला. पबच्या मागच्या खोलीत पाच टाक्या होत्या आणि बाहेर काउंटरवर चार नळ. पहिल्या नळाला नारिंगी. दुसऱ्याला भाजलेल्या जवाची, जरा काळपट. तिसऱ्याला कोकम घातलेली आंबट. आणि चौथ्याला ती, जिच्यासाठी त्यानं नोकरीवर पाणी सोडलं होतं. तांबूस रंगाची, हॉप्सच्या फुलांनी चांगली सणसणीत कडू केलेली. पबमध्ये तिला सगळे चौथीच म्हणत. केयूरचं गणित असं की माणूस पहिल्या नळाशी येईल, धीट होईल, दुसऱ्याकडे सरकेल आणि वर्षभरात चौथ्याशी येऊन उभा राहील. गणित सुंदर होतं. शिकलेल्या माणसांची गणितं सुंदर असतातच. फक्त गिऱ्हाइकांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्याला वेळेवर सावध केलं ते नमितानं. पबमधली टेबलं, वेटर, तक्रारी सगळं ती बघायची. खारदांड्याच्या कोळ्यांची मुलगी, तिची आई कमळ आजही बाजारात मासे घेऊन बसते. केयूरचं गणित ऐकून नमिता हसली नाही, एवढंच म्हणाली, "माझ्या आईकडे टॉवरमधल्या बायका येतात ना, पहिल्यांदा पापलेट नेतात. काटा नाही, वास नाही, घरी कोणी नाक मुरडत नाही. आईलापण वाटायचं, हळूहळू बोईट नेतील, मांदेली नेतील. पंधरा वर्षं झाली रे. पापलेटच नेतात."

केयूरला ते पटलं नाही. मासे वेगळे, बिअर वेगळी, असं तो म्हणाला. तीन वर्षं म्हणत राहिला. तीन वर्षांत नारिंगीनं पाचातल्या तीन टाक्या बळकावल्या आणि तिसऱ्या नळाची कोकमवाली गुपचूप बंद झाली.

चौथीला खरं म्हणजे एकच भक्त होता, केयूरचे वडील मधुकर गुप्ते. महापालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. पस्तीस वर्षं नमुने तपासून त्यांची जीभ अशी तयार झाली होती की घरात माठ बदलला तरी त्यांना पहिल्या घोटाला कळे. चौथीची पहिली टाकी तयार झाली तेव्हा केयूरनं त्यांना दुपारी, पब उघडायच्या आधी बोलावलं. ते मुलुंडहून रिक्षानं आले, इस्त्रीचा शर्ट घालून, काउंटरशी ताठ बसले. पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. ते थांबले, पुन्हा प्यायले, पुन्हा थांबले. "पहिला घोट अजिबात आवडला नाही," ते म्हणाले. "तिसऱ्याला कळलं, तू काय करतोयस ते." मुलानं औषध कंपनी सोडल्याला दोन वर्षं होत आली होती आणि त्याबद्दल बाप प्रथमच काहीतरी बोलला होता. तेव्हापासून दर टाकीचा पहिला ग्लास त्यांचा, ही पद्धतच पडली. केयूरला त्या एका दुपारसाठी बाकीचे सगळे दिवस ढकलता यायचे.

मग मालकानं विषय काढलाच. श्यामकांत म्हात्रे माणूस वाईट नव्हता. बोरिवलीत त्याचे लग्नाचे हॉल होते आणि माणसं कशानं खूश होतात हे त्याला जन्मजात कळायचं. त्यानं केयूरला समोर बसवलं, चहा मागवला आणि समजावलं, की चौथीची टाकी रिकामी व्हायला दोन-दोन महिने लागतात आणि तिकडे शनिवारी नारिंगी संपते म्हणून लोक परत जातात. वर्षभर बघू. चौथी चालली तर टाकी तुझी, नाहीतर नारिंगीची. केयूर घरी जाऊन रात्रभर तळमळला नाही की काही नाही. त्यानं टाक्यांची प्रमाणं लिहिलेली वही काढली. चौथी वाचवायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

चूक झाली ती इथे, आणि चूक करताना तो इतका शहाण्यासारखा वागत होता की कोणालाच ती दिसली नाही. चौथी पिऊन लोक कुठल्या घोटाला ग्लास खाली ठेवतात, हे त्यानं नमिताला बघायला सांगितलं. पहिल्याच, असं तिनं सांगितलं. म्हणून पुढच्या टाकीत त्यानं हॉप्स थोडे कमी केले, अगदी थोडे. मग लोक म्हणाले, मागाहून घशाशी कडू येतं. म्हणून पुढच्या वेळी गोडसर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, वाढवले. मग कोणीतरी म्हणालं, वास जड आहे. म्हणून संत्र्याची साल, फक्त वासापुरती. मग रंग, जरासा फिका. मग थोडा गहू, फेस टिकावा म्हणून. दर वेळी बदल एवढासा, आणि दर वेळी त्याची तुलना मागच्या टाकीशी. पहिल्या टाकीशी नाही. प्रत्येक टाकी तो स्वतः रोज चाखत होता आणि त्याला प्रत्येक टाकी चौथीच वाटत होती.

वडील येत होते. चौथ्या बदलानंतर त्यांनी ग्लास सलग संपवला आणि सोसायटीची गच्चीवरची टाकी धुवायला माणूस मिळत नाही, ते सांगू लागले. केयूरनं न राहवून विचारलं, कशी वाटली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "आता पहिल्याच घोटाला आवडते."

पुढच्या टाकीच्या वेळी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वेळी केयूरनंच बोलावलं नाही.

आणि चौथी चालायला लागली. टाकी तीन आठवड्यांत रिकामी झाली, मग दोन. टेबलांवर तांबूस ग्लास दिसायला लागले. वर्ष संपलं तेव्हा केयूर छाती काढून श्यामकांतसमोर जाऊन उभा राहिला. श्यामकांतनं त्याची पाठ थोपटली, मनापासून थोपटली, आणि मग डोकं खाजवत एक गोष्ट सांगितली. शनिवारी चौथी संपली होती, तेव्हा वेटरनं घाईत सहा टेबलांवर चौथी म्हणून नारिंगी दिली. अंधार होता, रंग कोण बघतो. कोणीच परत केली नाही. मग दोन कशाला ठेवायच्या? एकच ठेवू, सगळ्या टाक्यांत.

केयूर उखडला. लोकांना कळत नाही म्हणजे फरक नाही असं होत नाही, असं तो मोठ्यानं बोलला. बनवणाऱ्याला कळतं. तीन ग्लास भरा, दोन एकीचे, एक दुसरीचा, रंग दिसणार नाही अशा काळ्या ग्लासांत. वेगळा कोणता ते मी सांगतो. बिअरवाल्यांची ही नेहमीची परीक्षा, वेटरांना तोच शिकवायचा. श्यामकांत नको नको म्हणत होता, केयूर ऐकेना. शेवटी नमितानं मागच्या खोलीत ग्लास भरले आणि ट्रे आणून ठेवला.

केयूरनं तिन्ही चाखले, मधला उचलला. नमितानं नाही म्हणून मान हलवली. त्यानं पुन्हा भरायला सांगितलं. या वेळी डावा सांगितला, तो बरोबर निघाला. तिसऱ्यांदा त्यानं फार वेळ लावला. प्रत्येक ग्लासावरून तो परत परत फिरला. पुन्हा डावाच दाखवला. नमितानं उजव्या ग्लासावर बोट ठेवलं. तिनात एक बरोबर म्हणजे नुसता अंदाज, डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही जमतो. हे दुसऱ्या कोणी त्याला सांगायची गरज नव्हती.

"अरे, वाईट कशाला वाटून घेतोस," श्यामकांत म्हणाला. त्याला खरोखरच पोराची दया आली होती. "दोन्ही तुझ्याच ना?"

श्यामकांत फोन घेऊन बाहेर गेल्यावर नमिता ट्रेच्या पलीकडे बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिला आवडत नव्हतं. म्हणाली, "पहिलीवाली कर ना परत. वही आहे तुझ्याकडे. हॉप्स जेवढे तेव्हा होते तेवढेच टाक. म्हात्रे सरांशी मी बोलते, एक छोटं पिंप तर देतील."

"केली होती," केयूर म्हणाला. "दिवाळीनंतर. चाचणीच्या पिंपात, वीस लिटर. कोणाला सांगितलं नाही. बाबांना बोलावलं होतं."

"मग? आली नाही तशी?"

"तशीच आली. बाबांनी अख्खा ग्लास संपवला, आणखी मागितली." तो काळ्या ग्लासांकडे बघत राहिला. "मला नाही गेली गं. दोन घोटांच्या पुढे नाही गेली. फार कडू लागली."

बाहेर पहिलं टोळकं आलं होतं, खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. केयूर उठला, तिन्ही ग्लास मोरीत ओतले आणि धुवायला घेतले.