शनिवारची गाडी

डिंगोऱ्याच्या भिमाजीचा एक दोष सगळ्या गावाला ठाऊक होता. कुणी बोलता बोलता काही म्हणून गेलं, की तो त्याला शब्द समजायचा. त्याचंही बरोबर होतं म्हणा. सगळी हयात बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गेलेली. तिथं ना कागद ना सही. ‘पुढच्या यात्रेला माझा बैल तुझ्या गाड्याला देतो’ असं एकदा तोंडातून गेलं, की घरात लग्न असलं तरी बैल पोचता करावा लागतो. बाकीचं जग असं चालत नाही, हे साठी उलटली तरी भिमाजीला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन हजार चार सालच्या यात्रेत त्याचा पोरगा भरत घाटाच्या कडेला मित्राच्या गाडीला टेकून उभा होता. भरत चिंचवडला कंपनीत कामाला. आई, ठकूबाई, वारल्यापासून तो दिवाळीला आणि यात्रेला, असा वर्षातून दोनदा यायचा; रात्री मुक्काम, सकाळी पहिली एसटी. त्या दिवशी मित्राच्या गाडीवर हात फिरवत तो म्हणाला, “आण्णा, आपल्याकडं आसली पळनारी गाडी आसती ना, तर दर शनिवारी घरी आलो आसतो.”

बोलून तो रसवंतीकडे गेलासुद्धा. भिमाजी मात्र तिथंच उभा राहिला. वर्षाचे शनिवार बावन्न. दोनाचे बावन्न होणार असतील तर माणसाने काय द्यायचं बाकी ठेवावं?

त्याने बैल दिले. पाखऱ्या आणि हरण्या, चार यात्रा गाजवलेली जोडी, पावसाळा सरल्यावर पारगावच्या एका गाडामालकाला विकली. दोन लाखाला पाच हजार कमी आले. लोक हळहळले. भिमाजीने दोन दिवस गोठ्याकडे बघितलं नाही. बैल होते तोवर दिवसभर त्यांच्याशी बडबड चालायची. आता तोंडातून एक शब्द न निघता संध्याकाळ व्हायला लागली. दिवे लागायच्या वेळी तो उगीच खाकरून बघायचा, आवाज आहे का गेला म्हणून.

गाडी नारायणगावला मिळाली. एका द्राक्षबागाइतदाराच्या मुलाने हौसेनं घेतलेली, लाल रंगाची, सोळा वॉल्व्हची, म्हणजे जोरात पळणारी. नवी असताना सात-आठ लाखांची, आता पावणेदोन लाख सांगत होता. भिमाजीने बरोबर ओतूरचा नवनाथ मेस्त्री नेला होता. नवनाथ पुण्यात सहा वर्षं मोठ्या गाड्यांवर काम करून आलेला, हाताने सरळ आणि तोंडाने फटकळ. तो खाली शिरून बघत होता तेव्हा भिमाजी गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आला, टायरांचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, आणि चालताना मागचं पाऊल कसं पडतं ते बघायला नवनाथला रस्त्यावर चालवून दाखवायला लावली. मग सौदा ठरवायला त्याने खांद्यावरचं उपरणं मालकाच्या हातावर टाकलं. त्याखाली बोटं धरून बैलाची किंमत करतात, हे त्या पोराला कुठलं माहीत असायला? त्याला वाटलं म्हातारा हात पुसायला देतोय. त्याने खरंच हात पुसले. शेवटी चारचौघांत तोंडानेच एक लाख साठ हजारांवर मिटलं, आणि भिमाजीला जरा उघड्यावर पडल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेत नवनाथ म्हणाला, “आण्णा, गाडी घेतली म्हंजी निम्मंच झालं. आसल्या गाडीला किमतीच्या चौथाई पैसा बाजूला काढून ठेवावा लागतो, न्हाईतर दारात तुळशीवानी हुबी राहती.” त्याने यादी केली. आधी टायमिंग बेल्ट, कारण तो कधी बदलला ते मालकालाच आठवत नव्हतं आणि तुटला तर इंजिन घेऊन जातो. मग क्लच प्लेट, पुढचे शॉकअप, रेडिएटर, चार टायर. वरती पाच हजार न कळणाऱ्या दुखण्याला. बेरीज चाळीस हजार. पारावर लोक म्हणाले, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. भिमाजी म्हणाला, शर्यतीच्या बैलाचा खुराक बघितलाय का कधी? बैलांचे पैसे, वर कांद्याचे आलेले, असं सगळं जमवून त्याने यादीतलं एकूण एक काम करून घेतलं. नवनाथने गाडी ओझरला नेऊन गणपतीपुढं नारळ फोडला, झेंडूचा हार घातला आणि डिंगोऱ्याला आणून लावली. त्या दिवशी ती अशी पळाली, की भिमाजीने दाराची मूठ घट्ट धरली आणि पोटातून खूश झाला.

भरतला त्याने काही कळवलं नाही. यात्रेला येईल तेव्हा दाखवायची.

आणि इथं भिमाजी चुकला. चुकला तोही आपल्या परीने शहाणपण करायला जाऊन. नवनाथने बजावलं होतं की आठवड्यातून एकदा गाडी दहा-वीस किलोमीटर फिरली पाहिजे, मी येऊन फिरवत जाईन. भिमाजीने मान डोलावली आणि मनात म्हणाला, याला काय कळतंय? शर्यतीचा बैल कुणी औताला जुंपतो का? त्याला वर्षभर बसवायचं, अंग रगडायचं, खाऊ घालायचं, आणि यात्रेच्या दिवशी बारा-तेरा सेकंदांत त्याची सगळी ताकद बाहेर काढायची. नवनाथ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा भिमाजीने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. गाडी बैलांच्या गोठ्यात उभी. अंगावर पाखऱ्याची झूल. शेजारी बैलांची उरलेली पेंड आणि भुसा तसाच, कारण काढून टाकायला जीव होत नव्हता.

रोज सकाळी तो गाडी पुसायचा. संध्याकाळी दार उघडून डाव्या बाजूला बसायचा. उजवी बाजू भरतची. तिथं बसून तो शनिवारची तालीम करायचा. भरत गाडी चालवतोय, आपण शेजारी. आता काय बोलायचं? “ओतूर आलं,” तो मोठ्यानं म्हणायचा. थोड्या वेळाने, “नारायणगाव आलं.” मग मंचर. पुढचं काही सुचायचं नाही. गावांची नावं संपली की तो उतरून दार हळू लावायचा आणि एकट्याची भाकरी थापायला आत जायचा. त्या दिवाळीला भरत आला नाही. जादा काम होतं म्हणाला. भिमाजीला वाईट वाटलं, पण त्याने स्वतःला समजावलं की पोराला अजून गाडीचं माहीतच कुठे आहे.

यात्रेच्या दिवशी भरत पहिल्या एसटीने आला. भिमाजीने त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मनगटाला धरून गोठ्यात नेलं, झूल ओढून काढली आणि किल्ली हातावर ठेवली. मागे यात्रेतली दहा-वीस माणसं येऊन उभी राहिलेली.

भरतने किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. दिवासुद्धा लागला नाही.

नवनाथला घाटातून बोलावून आणलं. त्याने बॉनेट उघडलं. आत इंजिनावर उंदरांनी भुशाचं घर केलं होतं, पेंडीच्या खकाण्यासकट. वायरी कुरतडून तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या. बॅटरी मेलेली, मागचे ब्रेक जाम, टायर एका बाजूला बसलेले. माणसं हसली, यात्रेत माणसं हसणारच. नवनाथ हसला नाही.

“आण्णा,” तो म्हणाला, “बैल बसवला की ताकद धरतो. गाडी बसवली की मरती.”

भिमाजीची मान खाली गेली. पण त्याहून मोठा घाव पुढंच होता. भरतने विचारलं, गाडी कुणाची? भिमाजी म्हणाला, तुझी, तू म्हणाला होतास ना, पळणारी गाडी असली तर दर शनिवारी येईन.

“मी कवा म्हनलो?” भरतने विचारलं.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. बापाचा चेहरा बघून तो गडबडला, गोठ्यातल्या रिकाम्या दाव्यांकडे त्याची नजर गेली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, “म्हनलो आसंन. पन आण्णा, ही लिटरला धा किलोमीटरच्या वर देत नसती. येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर, म्हंजी हजाराचं पेट्रोल. दर शनिवारी कसं परवडायचं?” संध्याकाळच्या एसटीने तो गेला.

झालं. दुसरा कुणी असता तर यातून समजायचं ते समजला असता. भिमाजीला एवढंच ऐकू आलं, की अडचण पेट्रोलची आहे.

नवनाथने पुन्हा यादी केली. या वेळी बावीस हजार. भिमाजीने शर्यतीचा गाडाच विकला, वर अंगणात साठवलेला कांदा भाव नसताना विकला. पेंड-भुसा शेजाऱ्याच्या म्हशीला दिला. वायरिंग नवं झालं, बॅटरी आली, ब्रेक सुटले, आणि आता दर शनिवारी नवनाथ गाडी मढ गावापर्यंत फिरवून आणायला लागला. गाडी सुरू झाल्याचा आवाज भिमाजी ओट्यावर बसून ऐकायचा. महिन्याभराने उरलेले पैसे घेऊन तो ओतूरच्या पंपावर गेला आणि दहा शनिवारचं पेट्रोल आगाऊ भरायचं म्हणाला. तिथल्या माणसाने असं चालत नाही म्हणून सांगितलं. भिमाजी तासभर हलला नाही. शेवटी पंपवाल्याने पैसे घेतले आणि वहीत भरतचं नाव लिहिलं.

मग भिमाजी स्टँडवरच्या फोनच्या बूथात गेला. बूथ गोजरबाईचा, ती दाराशी भाजी निवडत बसली होती. त्याने चिंचवडला भरतचा मोबाइल लावला. मीटरवर लाल आकडे उमटले.

“भरत, पेट्रोलचं मिटवलं,” तो म्हणाला.

“कसलं पेट्रोल?”

भिमाजीने सगळं सांगितलं. दहा शनिवारचं भरलंय, पुढचंही बघू, गाडी आता नवनाथकडून कधीही चिंचवडला पाठवतो, तुला एक रुपया नाही.

“आण्णा, पेट्रोलचं न्हाई वो ते.”

“मग काय राह्यलं? बेल्ट नवा हाये. किलच प्लेट नवी हाये.”

“गाडीचंबी न्हाई.” भरत म्हणाला. “आई व्हती तवा ती बोलायची, आन् आपन दोघं आयकायचो. आता मी येतो. तुमी वट्यावर, मी खाटंवर. दोघांनी काय बोलायचं त्येच मला उमगत न्हाई. रात सरत न्हाई, आण्णा. म्हनून शनिवार आला की मी काम मागून घेतो.”

भिमाजीला राग यायला हवा होता. बैल गेले, गाडा गेला, आणि पोरगा हे सांगतोय. पण राग आला नाही, कारण पोरगं खरं बोलत होतं. सहा महिने त्या डाव्या सीटवर बसून त्याला स्वतःला तरी गावांच्या नावापुढे काय सुचलं होतं? ठकूबाई गेली तेव्हा घरातली बोलणारी गेली, आणि मागे राहिलेल्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कधी शिकूनच घेतलं नव्हतं. ते कुठल्या मेस्त्रीच्या यादीत बसणारं काम नव्हतं.

“मलाबी न्हाई उमगत,” भिमाजी म्हणाला.

मग दोघंही गप्प झाले. भिमाजीचे डोळे भरून आले आणि त्याने गोजरबाईकडे पाठ केली. मीटर चालू होतं. पाच रुपये झाले, सहा झाले. बाहेर मुरबाडची एसटी येऊन थांबली, माणसं उतरली, एसटी गेली. गोजरबाईने मान वर करून बघितलं, की हा म्हातारा रिसिव्हर कानाला लावून नुसता उभा का आहे. नऊ रुपये झाले.

“आण्णा,” भरत म्हणाला, “हाय का?”

“हाये,” भिमाजी म्हणाला, आणि त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.