दोन बटाटे, दोन अंडी

“तुझं नाही लावलं,” सहा वर्षांचा धाकटा म्हणाला. त्याच्या हातात अर्धवट सोललेलं अंडं होतं आणि टेबलावर दोनच ताटल्या होत्या.

आई दारात चपला काढत होती. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

“सांगितलं असतंस तर लावलं असतं,” नऊ वर्षांची ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आई हॉस्पिटलात नर्स. दोन वर्षं तिची ड्युटी दुपारी दोन ते रात्री दहा. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला तेव्हा मुलांच्या जेवणाचा प्रश्न तिने वॉर्डच्या शिस्तीने सोडवला. गॅसला हात लावायचा नाही. विजेच्या कुकरात बटाटे आणि अंडी ठेवायची, त्याचा दिवा विझला की उकडली. धाकट्याने अंडी सोलायची, ताईने बटाटे कुस्करायचे, पावाला लोणी लावायचं. शेजारच्या काकू मध्ये एकदा डोकावून जायच्या. स्वयंपाकघराच्या दाराला तिने एक तक्ता टांगला, पेशंटच्या खाटेला असतो तसा, दोरीला पेन्सिल बांधून. कोण किती जेवलं ते ताईने लिहायचं. मुलं झोपल्यावर आई घरी यायची, तक्ता वाचायची आणि खाली सही करायची.

“मुलांना काय तयार केलंयस गं,” बाकीच्या नर्स म्हणायच्या, आणि हिला मूठभर मांस चढायचं. तरी दर महिन्याला दिवसपाळीसाठी तिचा अर्ज असायचाच, आणि मेट्रनचं “बघू” ठरलेलं. आज एकदाची आठ ते पाचची पाळी पदरात पडली. मुलांचे चेहरे बघायचे म्हणून तिने घरी सांगितलं नव्हतं. आता बघितले.

“उठा दोघं,” ती हात धुऊन म्हणाली. “आजपासून रोज मीच करणार.”

“का?” धाकट्याने विचारलं.

तिने ताईच्या हातून पातेलं ओढून घेतलं, मीठ टाकलं आणि तावातावाने बटाटे कुस्करायला लागली. ताई काहीतरी सांगायला पुढे आली, पण आईचा चेहरा बघून मागे सरली.

पहिला घास धाकट्याने ताटलीत थुंकला. “खारट! मला ताईचा बटाटा पाहिजे.”

“गप. आईने केलंय ना?”

“मग आईच खाऊ दे.”

आईने चव घेतली. तोंडात धरवेना.

“आम्ही उकडतानाच पाण्यात मीठ घालतो,” ताई हळूच म्हणाली. “तू शिकवलंस तसं वरून घातलं की नीट लागत नाही.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष.”

वर्षभर तिच्या घरातल्या पाण्यात मीठ पडत होतं आणि तिला पत्ता नव्हता. तक्त्यावर किती खाल्लं ते असायचं, कसं केलं ते लिहायला तिनेच जागा ठेवली नव्हती.

“राहू दे, होतं असं पहिल्या दिवशी,” ताई म्हणाली. आईने पातेलं बाजूला सारलं. हे तिचंच वाक्य. पेशंटला सुई टोचताना नव्या नर्सचं चुकलं की ती अगदी ह्याच सुरात म्हणायची.

ताईने एक बशी काढली, आपलं अर्धं अंडं आणि एक पाव तिच्यात ठेवून ती आईपुढे सरकवली. आईने दोन घास खाल्ले आणि भांडी घासायचं निमित्त करून उठली. नळ मोठा सोडला. धाकट्याने टेबल पुसलं, ताईने कुकरचं बटण बंद केलं, दोघं हात धुऊन आत गेली. कुणाला सांगावं लागलं नाही.

भांडी पालथी घालून ती दाराकडे वळली. तक्ता भरलेला होता.

धाकटा: अंडं संपवलं. बटाटा नाही.
ताई: अर्धं अंडं, पाव.
आई: दोन घास. रडली. नंतर बरी.

शेवटचे दोन शब्द खरे नव्हते. वॉर्डात असं काही दिसलं तर ती खोडायला लावायची. तिने दोरीची पेन्सिल घेतली आणि रोजच्या जागी सही केली.