सावनीवरचं औषध

जावयाची एक खोड आक्काच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपत होती. या माणसाच्या हाती रिकामी बाटली लागली की तिच्यात भलतंच काहीतरी जाऊन बसे. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मधाच्या बाटलीत वॉर्निश, व्हिनेगरच्या बाटलीत टर्पेंटाइन. "जावईबापू, उद्या मी मेले तर मलाही साखरेच्या डब्यात भरून ठेवाल," असं आक्का म्हणे. तो हसून "नाही हो आई" म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

अंगणातली सावनी मात्र आक्काच्या हातची. बोटाएवढी फांदी लावली होती, ती आता छपराच्या वर गेली होती. गुळगुळीत खोड, जुना रंग सुटावा तशी सुटणारी साल, आणि पातळ कागद चुरगाळून चिकटवावा तशी गुलाबी फुलं. थंडी सरता सरता आक्का स्वतः तिच्या बारीक काड्या छाटायची. फूल येतं ते नव्या फुटीवर. पण म्हणून कुणी मोठ्या फांद्यांना हात लावलेला तिला खपत नसे. "केस कापा, मान कापू नका," हा तिचा कायदा होता.

यंदा सावनीला मावा लागला. पानांखाली हिरवट किडे, पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी आणि खोडावर मुंग्यांची रांग. आक्का रोज सकाळी पाइप घेऊन पानं खालून धुवायची, मग साबणाचं पाणी मारायची.

"साबणानं काय होतंय आई? चांगलं औषध मारू."

"माझी नात त्या झाडाखाली दिवसभर भातुकली मांडते. विषाचा एक थेंब पडला तर तुमचं तोंड मी रंगवीन, तेही फुकटात."

एवढं बोलून थांबली असती तर ती आक्का कसली? पान काळं दिसलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. दारात कोळशाचं झाड उभं केलंय, घरात बाप्या माणूस असून काय उपयोग, वगैरे. जावई ऐकून घ्यायचा. तिच्यापुढे तो मान वर करून बोलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी आक्काचा डोळा लागला आणि एकदम उघडला. काय झालं ते आधी कळेना. मग कळलं, अंगणात आवाज नव्हता. नात चिमी खेळताना चिमणीसारखी एकटीच बडबडत असते. आक्का चपला न घालताच बाहेर धावली.

चिमी झाडाखाली उकिडवी बसली होती. समोर बाहुली, तिचे इवलेसे कप, आणि संत्र्याच्या सरबताची बाटली. बूच बाजूला पडलेलं.

"आजी, हे गोड नाहीये."

खोडाशी मुंग्यांची रांग होती तिथेच मरून पडली होती. आक्कानं कमरेचा रुमाल काढून पोरीचं तोंड पुसलं. रुमालाचा वास नाकातून थेट डोक्यात गेला.

"प्यायलीस तू?"

"बाहुली प्यायली."

"आणि तू? किती प्यायलीस, सांग बाळा."

चिमीनं आधी बोटाचं टोक दाखवलं. मग आजीचा चेहरा बघून घाबरली आणि दोन्ही हात पसरले. चार वर्षांच्या पोरीचं माप ते. त्यावर कुणी काय भरवसा ठेवावा!

हातात फवारणीचा पंप घेऊन जावई परसातून आला. बाटली दिसताच तो जागच्या जागी थिजला. आक्कानं पोरीला उचललं आणि शेजाऱ्यांच्या दारावर लाथ मारली. त्यांनी गाडी काढली, जावईही मागे चढला. आक्काची लेक कारखान्यात शिफ्टवर होती, तिला फोन करायचंही कुणाला सुचलं नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण हात शांत होते. तिनं पोरीची छाती ऐकली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"काय होतं बाटलीत?"

जावयानं डॉक्टरणीकडे पाहिलं. मग आक्काकडे. आक्काचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

"कडुलिंबाचं तेल," तो म्हणाला. "पाण्यात मिसळलेलं. झाडासाठी."

"नक्की?"

"हो."

डॉक्टरणीच्या खांद्यांवरचा ताण उतरला. "मग थोडंसं गेलं असेल तर घाबरण्यासारखं नाही. जरा वेळ बसा, नंतर घरी न्या."

घरी न्या! कडुलिंब आक्कानं स्वतः गुलाबावर किती वेळा मारला होता. तो वास ती झोपेत ओळखेल. तिनं मुठीतला रुमाल पुढे केला.

"बाई, मी शिकलेली नाही. पण हा वास घ्या आणि सांगा, हा कडुलिंब का?"

डॉक्टरणीनं रुमाल नाकाशी नेला आणि झटकन दूर केला. तेवढ्यात चिमीच्या ओठांच्या कडेनं लाळ गळायला लागली. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. "आजी, पोटात दुखतंय," ती म्हणाली आणि ओकली.

"औषधाचं नाव काय?" डॉक्टरीण आता ओरडली. "डबा कुठाय?"

"कचऱ्यात टाकला," जावई म्हणाला. त्याचा आवाज बाईसारखा बारीक झाला होता. "कोपऱ्यावरच्या. आईंना दिसू नये म्हणून."

"पळा!"

तो पळाला. चिमीला आत नेलं. दाराला गोल काच होती, पण ती आक्काच्या डोक्याच्या वर. टाचा उंचावून तिनं पाहिलं, तर फक्त पांढऱ्या पाठी दिसल्या. आत काहीतरी धातूचं खाली पडलं. पोर रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. आक्का भिंतीला धरून उभी राहिली. बसलं तर वाईट बातमी येईल असं तिला उगाच वाटत होतं.

जावई कोपरापर्यंत घाणीनं माखून आला, चेपलेला डबा छातीशी धरून. नाव कळलं, त्यावरचं इंजेक्शन कळलं. पुन्हा दार बंद झालं.

दिवे लागले तेव्हा डॉक्टरीण बाहेर आली. "आता धोका टळलाय. रात्रभर इथेच ठेवू. घरी नेली असतीत तर मी काही सांगू शकले नसते."

आतून चिमीचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. आक्का तेव्हा कुठे बाकावर बसली. जावई समोर जमिनीवरच बसला होता, गुडघ्यांत तोंड घालून.

"आई, तुम्ही म्हणाला होतात ना, विष नको म्हणून. तुम्ही समोर होतात. खोटं तोंडातून निघून गेलं."

आक्का बोलली, आणि व्हरांड्यातल्या नर्सनं मान वळवली.

"बाटलीची चूक मी पोटात घालीन, जावईबापू. चूक कुणाच्याही हातून होते. पण पोटची पोर एका बाजूला आणि सासूची जीभ एका बाजूला, आणि तुम्ही सासूच्या जिभेला भ्यालात! ही जीभ कुणाला मारत नाही हो, नुसती वाजते. आता उठा, हात धुवा, आणि माझ्या लेकीला फोन करून सगळं खरं सांगा. मी शेजारी उभी राहणार नाही. एवढं तरी बाप म्हणून एकट्यानं करा."